शिकलगार मॅडमचा सर्व्हे

रस्त्यात भेटलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघायच्या आधी त्याच्या हातातल्या पिशवीकडं बघणारी बाई मी आयुष्यात एकच बघितली. शिकलगार मॅडम. "काय सुजाता, आज मेथी? आणि ती बिस्किटं कुठली, नवीन दिसत्यात? कुणी सांगितली घ्यायला?" एवढं झाल्यावर मग "बरी हाईस न्हवं?" त्या जाऊन आता वर्ष होईल. पण अजूनही बाजारातून परतताना समोरून कुणी उंच बाई येताना दिसली की माझा हात आपोआप पिशवीच्या तोंडावर जातो.

कोल्हापुरात राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. दोन खोल्या, चार टेबलं आणि बाहेर पाटी, 'मार्केट सर्व्हे व सल्ला'. मी तिथं बरीच वर्षं नोकरी केली. पाटीतलं 'सर्व्हे' तेवढं लोकांना कळायचं, त्यामुळं अधूनमधून कुणीतरी सातबारा घेऊन जिना चढून यायचा आणि बांधाची मोजणी कधी करता म्हणून विचारायचा. मॅडम त्याला पाणी द्यायच्या, मोजणी ऑफिस कुठं आहे ते सांगायच्या आणि जाता जाता त्याच्या गावात म्हशीला कुठली पेंड घालतात, कुणाच्या दुकानातून आणतात, उधारी चालते का, हे सगळं काढून घ्यायच्या. माणूस खूश होऊन जायचा. एवढ्या आपुलकीनं त्याच्या म्हशीची चौकशी बायकोच्या माहेरीही कुणी केलेली नसायची.

मार्केट रिसर्च म्हणजे काय, हे त्या कॉलेजात शिकवायच्या तेव्हा म्हणे फळ्यावर व्याख्या लिहून द्यायच्या. एम.कॉम. होत्या, काही वर्षं शिकवलंही होतं. आम्हाला मात्र त्यांनी कधी व्याख्या दिली नाही. "विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ दुकानात पडायच्या आधी एकदा घालून द्यायची, एवढंच आपलं काम," म्हणायच्या. "न्हाईतर मग गाठ पडती ती गोडाऊनात पडून ऱ्हायलेल्या मालासकट." वडिलांचं सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं दुकान होतं. ती धार पोरीच्या जिभेवर उतरली असं त्या स्वतःच सांगायच्या.

कोल्हापूरचा माणूस तोंडाचा फटकळ, असं सगळीकडं बोललं जातं. त्यामुळं इथं सर्व्हे करणं सोपं, लोक मनातलं बोलून मोकळे होतात, असा बाहेरच्या कंपन्यांचा समज. मॅडम म्हणायच्या, साफ खोटं. इथला माणूस पुढाऱ्याला तोंडावर चार शब्द सुनावेल, सख्ख्या भावाला भर चौकात सुनावेल, पण ज्याच्या हातचं खाल्लं त्याच्या खाण्याला तोंडावर नाव ठेवणार नाही. आणि दारात आलेल्या पावण्याला तर नाहीच नाही. पावणा काहीतरी घेऊन आलाय, उन्हातनं आलाय, त्याचं मन कशाला मोडायचं? म्हणून इथल्या सर्व्हेत सगळ्यात खोटा शब्द कुठला, तर 'लई भारी'.

हे मला पटलं ते चटणीच्या वेळी. कागलच्या एका तरुणानं कांदा-लसूण चटणी पाकिटात घालून विकायचं ठरवलं होतं. चटणी म्हणजे आमच्याकडचं लाल तिखट, भाजीत, आमटीत, रश्श्यात सगळीकडं जातं ते. पोरगं हुशार होतं, मशिन बघून ठेवलेलं, पाकिटाचं चित्रही तयार. आमची चार मुलं-मुली नमुन्याच्या पुड्या घेऊन घरोघर गेली. भाकरीबरोबर चटणी चाखायला द्यायची आणि फॉर्म भरून आणायचा. सगळे परत आले ते पोट भरून. चटणी चाखायला दिलेल्या घरांनी उलट यांनाच जेवायला बसवलं होतं. आणि फॉर्म काय म्हणत होते? चव लई भारी, रंग लई भारी, पाकीट आलं की घेणार, घेणार म्हणजे घेणारच.

मॅडमनी गठ्ठा बाजूला ठेवला. "आता परत जावा त्याच घरात. काही खाऊ नका. आणि एकच इचारा, यंदाची चटणी कुटून झाली का?"

झाली की! सगळ्यांचीच झाली होती. उन्हाळ्यात मिरच्या आणायच्या, वाळवायच्या, मसाला भाजायचा आणि गिरणीतल्या डंकावर स्वतः उभं राहून कुटून घ्यायची, आपल्यात दुसऱ्याची मिसळू द्यायची नाही, हा इथल्या घराघरातला वार्षिक कार्यक्रम. वर्षाची बेगमी फळीवर बरणीत बसलेली. पाकीट घेणार कोण आणि कशाला? एका मावशींनी तर आमच्या पोरीला बरणी उघडून दाखवली आणि म्हणाल्या, "तुझी बी चांगली हाय की गं. पर घरात असताना इकत आणली तर सासू काय म्हणंल?"

कागलच्या त्या तरुणाचा चेहरा पडला. मॅडमनी त्याला तसाच जाऊ दिला नाही. "तुझी चटणी वाईट न्हाय. तू चुकीच्या दारात उभा हाईस. ज्या घरात बरणी हाय तिथं नको जाऊस. बरणीपास्नं लांब गेल्यात त्यांच्याकडं जा." पुण्यात शिकायला, नोकरीला गेलेली इथली पोरं, खोली करून राहणारी, आईनं दिलेली चटणी दिवाळीच्या आतच संपते अशी. तो तिकडं गेला. फार मोठा झाला असं नाही, पण मशिन चालू आहे अजून. चव विचारायची नाही, मागच्या आठवड्यात काय केलं ते विचारायचं, हा धडा आम्हाला त्या चटणीनं दिला.

मॅडमची ही सवय ऑफिसपुरती नव्हती. लग्नाला गेल्या की जेवणाचं कौतुक न करता हात धुवायच्या जागेपाशी रेंगाळायच्या. कुठली भाजी ताटात तशीच राहिली, जिलेबी किती जणांनी अर्धी टाकली, हे बघून यायच्या आणि परतताना रिक्षात सांगायच्या, "आचारी बदलायला पायजे." नवीन कंपन्या हल्ली मोबाईलवर लिंक पाठवून सर्व्हे करतात, त्याचा त्यांना मनापासून राग. "लिंकमधनं पिशवी दिसत न्हाय, ताट दिसत न्हाय. नुसतं बोट दिसतंय. बोट काय, कुठं बी लागतंय."

अशा बाईचं सगळ्यांशी पटणं शक्यच नव्हतं. एका बिल्डरला शहराच्या टोकाच्या कसबा बावड्यात नवीन इमारतींमध्ये काय सोयी द्याव्यात ते जाणून घ्यायचं होतं. खरं म्हणजे त्याला स्विमिंग पूल बांधायचाच होता, आमच्याकडून नुसता होकार हवा होता. लोकांना विचारलं तर तेही हो म्हणाले, फुकटचा पूल कोण नाही म्हणेल? मॅडम त्याच्या जुन्या इमारतीत जाऊन बसल्या. रिपोर्टात लिहिलं, पूल नको, गच्चीचं कुलूप काढा. बायकांना सांडगे, मिरच्या वाळत घालायला जागा नाही, त्या खिडकीच्या जाळीत परात अडकवतात.

बिल्डर तावातावानं आला. "मॅडम, गच्चीचं कुलूप काढायला सांगायची एवढी फी?"

"न्हाय, फी पूल वाचवल्याची हाय. कुलपाचं फुकट सांगितलंय."

तो पुन्हा आमच्या जिन्याची पायरी चढला नाही. पूल बांधला, त्यात पाणी कमी आणि पाला जास्त असतो, पण ते जाऊ दे. मॅडमना अशी गिऱ्हाइकं गेल्याचं वाईट वाटायचं, नाही असं नाही. त्या दिवशी चहाही घेतला नाही त्यांनी. पण पार्टीला जे ऐकायचंय ते लिहून देणं त्यांना जमायचंच नाही. आम्ही येणाऱ्या गिऱ्हाइकाला 'पार्टी' म्हणायचो.

आणि मग एक दिवस पार्टी म्हणून आले ते बशीरभाई. मॅडमचे मिस्टर.

बशीरभाई एस.टी.त कंडक्टर होते. उभा जन्म गगनबावड्याच्या गाडीवर गेला. रस्त्यावरचं गाव न् गाव, गावातलं घर न् घर त्यांना ठाऊक. कुणाची पोर कुठं दिलीय, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचा जावई पितो, सगळं. धो धो पावसात गाडी घाटमाथ्यावर अडकून पडली की हा माणूस अख्ख्या गाडीला बोलण्यात गुंतवून ठेवायचा, असं जुने प्रवासी सांगायचे. ते रिटायर झाले आणि घरात बसले. सुरुवातीला दुपारी आमच्या ऑफिसात यायचे, सगळ्यांची खबरबात घ्यायचे आणि मॅडमनी डोळे वटारले की "चलतो मॅडम, डबल बेल!" म्हणून जिना उतरायचे. घरातही ते बायकोला मॅडमच म्हणायचे.

त्यांच्या हाताला मिसळीची चव होती. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यारावळ्यांना करून घालायचे. खाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "बशीरभाई, हॉटेल काढा हॉटेल!" रिटायर झाल्यावर त्यांनी ते मनावर घेतलं. कसबा बावड्यात नवीन इमारतींच्या तोंडाशी एक गाळा बघितला, मालकाशी बोलणं केलं, फंडाचे पैसे होतेच. एक दिवस भलामोठा डबा घेऊन ऑफिसात आले आणि आम्हा सगळ्यांना मिसळ वाढली. आम्ही बोटं चाटत काय म्हणालो असू ते सांगायला नको.

मॅडम मात्र आमच्या बशा गोळा करून बेसिनशी गेल्या आणि तिथं जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "धंदाच करायचा तर रीतसर करू. उद्या पार्टी म्हणून या."

दुसऱ्या दिवशी बशीरभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. आम्ही हसू दाबत होतो. ते मात्र अगदी गंभीर होते.

पुढचे काही आठवडे मॅडम आणि मी पहाटेच बावड्याला जायचो. गाळ्यासमोर उभं राहायचं. कोण येतं, कोण थांबतं, कोण नुसतंच जातं. मॅडम लोकांना "मिसळ आवडते का" असं विचारतच नव्हत्या. "परवा कुठं खाल्ली? त्याच्या आधी?" असंच विचारायच्या. उत्तर ठरलेलं. जुने बावडेकर आपल्या बापानं पहिल्यांदा नेलं त्याच ठिकाणी अजून जात होते. कोल्हापुरात मिसळीचं ठिकाण हे तालमीसारखं असतं, माणूस पेठ सोडेल पण ते सोडत नाही. "मिसळ खायाला मी हितनं मंगळवार पेठेत जातो," एक शेतकरी म्हणाला. "तिथला मालक मरून गेला, पोरगं मीठ जास्त घालतंय, तरी जातो." आणि नवीन इमारतींतली मंडळी सकाळी मोबाईलवरून इडली मागवत होती. गाळ्यासमोरच्या वळणावर गाड्या वेगात असायच्या, थांबत कुणी नव्हतं.

रिपोर्ट मॅडमनी इतर पार्ट्यांना देतात तसाच बांधून घेतला. बशीरभाई आले. मॅडमनी स्वतः वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आवाज न बदलता. मला तिथं थांबायला सांगितलं होतं, का ते कळलं नव्हतं. आता वाटतं, एकटीनं वाचायचं धाडस त्यांना झालं नसावं.

"म्हणजे नको म्हणतीस," बशीरभाई म्हणाले.

"नको."

"माझ्या हाताला चव न्हाय?"

"चव हाय. गिऱ्हाईक न्हाय."

त्यांनी रिपोर्ट काखेत मारला, मला "येतो पोरी" म्हणाले आणि जिना उतरले. डबल बेल नाही, काही नाही. गाळा त्यांनी सोडून दिला. पुढं तिथं कुणीतरी दुसऱ्यानं नाष्टा सेंटर काढलं, ते वर्षाच्या आत बंद पडलं. मॅडमचा सर्व्हे खरा ठरला. ऑफिसात कुणीतरी ते बोलून दाखवलं, तर मॅडम त्याच्यावर अशा खेकसल्या की पुन्हा कुणी विषय काढला नाही.

कारण बशीरभाई मिटत चालले होते. ऑफिसात येणं बंद झालं. घरी गेलं तर लुंगीवर, दाढी वाढलेली, टीव्ही चालू आणि नजर दुसरीकडंच. मिसळ करणं सोडलं. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. मॅडमचंही कामातलं लक्ष उडालं. एकाच्या रिपोर्टात दुसऱ्याची पानं गेली, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मला त्यांचा राग यायचा. वाटायचं, काय अडलं होतं थोडं खोटं बोलायला? नवराच होता की. पैसे बुडाले असते तर बुडाले असते. तोंडावर बोलायची मात्र माझी टाप नव्हती.

एक दिवस त्या ऑफिसात आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. पर्सही खांद्यावरून काढली नव्हती.

"सुजाता, नवीन पार्टी आली की आपण पहिला प्रश्न काय इचारतो?"

"धंदा कशासाठी काढायचाय?"

"मी ह्यांना इचारलाच न्हाय गं." त्या खुर्चीत बसल्या. "घरचा माणूस. म्हटलं, म्हाईतच हाय की सगळं. चव बघितली, रस्ता बघितला, गाळा बघितला. ज्याचा धंदा त्यालाच इचारलं न्हाय."

सकाळी चहा पिताना त्यांनी तो प्रश्न विचारला होता. बशीरभाई कपाकडं बघत म्हणाले, "पहाटे जाग येती मला अजून. ड्युटीची. उठून कुठं जाऊ?" मग म्हणाले, "गाडीभर माणसं बोलायची माझ्याशी. आता दिवसभरात दूधवाला तेवढा बोलतोय, तो बी घाईत."

हे सांगताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, एक कोरा कागद ओढला आणि कामाला लागल्या.

गाळा नको, भाडं नको, नोकर नको. फक्त रविवारी सकाळी एक टेबल, एक पातेलं, बसायला बाकडं. जागा बावड्यातच, पण वळणावर नाही, तर थोडं अलीकडं, जिथं गगनबावडा, साळवणकडची माणसं आपल्या लेकी-सुनांकडं येता-जाता रिक्षाची वाट बघत थांबतात. पातेलं संपलं की घरी. "रिपोर्ट बदललेला न्हाय बरं का," त्यांनी मला बजावलं. "धंदा म्हणून इचारशील तर अजून बी नकोच म्हणीन. पर पार्टीला धंदा नकोच हाय."

मी मॅडमना शेवटचं बघितलं ते तिथंच. पुढं आठवडाभरातच त्या गेल्या, हार्टनं, कुणाला काही कळायच्या आत. त्या रविवारी मी गाडीवरून बावड्याला गेले होते. टेबलाशी बशीरभाई होते, दाढी केलेली, कमरेला टॉवेल. मॅडम मात्र तिथं नव्हत्या. रस्त्याच्या अलीकडं एका बंद दुकानाच्या सावलीत एकट्याच उभ्या होत्या. मी गाडी लावून त्यांच्याजवळ गेले.

समोर बाकड्यावर एक म्हातारा टोपी मांडीवर ठेवून बसला होता. बशीरभाईंनी त्याची बशी भरून हातात घेतली होती, पण द्यायचं विसरून गेले होते. "साळवणच्या फाट्यावर उतरत होता न्हवं तुम्ही? कोंबड्याची पाटी असायची बघा तुमच्यासंगं. त्यांचं बी तिकीट काढायला लावलं म्हणून भांडला होता माझ्याशी!" म्हातारा डोळे बारीक करून बघत राहिला आणि मग एकदम ओळख पटून मोठ्यानं हसला. बशीरभाई त्याच्या शेजारीच बाकड्यावर टेकले. बशीतला कट निवत चालला होता. मागं मोटरसायकलवर बसलेला एक तरुण दोनदा हॉर्न वाजवून "ओ काका, दोन प्लेट पार्सल" म्हणून ओरडला, पण ते यांच्या कानावरही गेलं नाही.

मी वाढायला म्हणून रस्ता ओलांडायला निघाले. मॅडमनी माझं मनगट धरलं.

"थांब. आत्ता नको जाऊस."

"मॅडम, गिऱ्हाईक चाललंय तुमचं."

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या. "बोलाय लागल्यात बघ कसं."

त्या तरुणानं वैतागून किक मारली आणि तो आमच्या अगदी समोरून निघून गेला. मॅडमनी त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही.